उत्तर दालनात आम्ही जाणार नाही!

"ती माझी! मी आधी पाहिली!" वास्टल ओरडला.

"पाहिली म्हणजे मिळाली का? काढणार कोण? तू? एका हाताने?" किलियान म्हणाला.

वास्टलचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सायकलवरून उतारावर हात सोडून दाखवायला गेला होता पठ्ठ्या! पण हात मोडला म्हणून जीभ थोडीच मोडते?

"एका हाताने तुला उचलून खाली फेकीन!"

"आधी वर चढ, मग फेक!"

"गप्प बसा दोघं," झेन्झी म्हणाली. "पुखरकाकांनी ऐकलं तर तिघांचेही कान लांब होतील."

भांडण चाललं होतं ते फुलाच्या दांड्यावरून. पंधरा ऑगस्टला आमच्या वेरेनबुर्गची मुलं रानातल्या औषधी पाल्याच्या जुड्या बांधतात आणि आशीर्वादासाठी दोममध्ये नेतात. दोम म्हणजे गावाचं जुनं दगडी कॅथेड्रल. जुडीच्या मधोमध एक राजमेणबत्ती लागते, म्हणजे पिवळ्या फुलांनी लगडलेला उंच दांडा. ज्याची राजमेणबत्ती सगळ्यात उंच, त्याचा रुबाब वर्षभर टिकतो. आणि १९६४च्या त्या उन्हाळ्यात गावातली सगळ्यात उंच राजमेणबत्ती उगवली होती खुद्द दोमच्या उत्तरेकडच्या पन्हाळीत!

झेन्झीचे बाबा, हास्लबेक, दोमचे पाथरवट होते, त्यामुळे तिला तिथला जिना न् जिना पाठ होता. उत्तरेच्या जिन्याचं दार नेमकं उघडं होतं. राखणदार पुखरकाका कुलपाला किल्ली तशीच ठेवून समोर बिअर प्यायला गेले होते. एवढं आमंत्रण कोण नाकारील!

गोल गोल जिन्याच्या एकशे चार पायऱ्या चढून तिघं वरच्या माळ्यावर आली. एका बाजूला तिरकं छप्पर होतं आणि पायाशी उत्तर दालनाच्या कमानी छताची पाठ. खालून ते छत सुंदर दिसतं. वरून मात्र नुसते दगड, चुना आणि धूळ.

"फळीवरूनच चला. दगडांवर पाय ठेवायचा नाही," झेन्झीने बजावलं.

फळीच्या टोकाशी, भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे, एक भेग खाली उतरली होती. तिच्यावर आडवी, तळहाताएवढी प्लास्टरची पट्टी होती आणि पट्टीवर काळ्या शाईत तारीख.

"अरे, हा तर माझा वाढदिवस!" किलियान आनंदाने ओरडला. "११ एप्रिल १९५२! बघा, दोमनेसुद्धा माझा जन्म लिहून ठेवलाय!"

"तू जन्मलास आणि भिंतीला भेग पडली! शाबास!" वास्टल म्हणाला.

"वेड्यांनो, ती भेगेवरची पहारेकरी आहे," झेन्झी म्हणाली. "प्लास्टर नाजूक असतं. भिंत केसभर हलली की आधी पट्टी तुटते, मग माणसांना कळतं. पट्टी शाबूत तर भिंत जागेवर."

हे सांगता सांगता तिचा आवाज पडला. कारण याच पट्टीवरून तिच्या घरात जून महिन्यापासून रामायण चाललं होतं... छे, आमच्याकडे रामायण कुठलं? पण मराठीत याहून नेमका शब्द मला सापडत नाही! बाबांनी जूनमध्ये ही पट्टी तुटलेली पाहिली होती. त्यांनी बांधकामाचे मुख्य अधिकारी ट्रेमेलसाहेब यांना तसं सांगितलं. चार दिवसांनी साहेबांनी पाहणी करून जाहीर केलं, की पट्टी धडधाकट आहे, हास्लबेकचे डोळे गेलेत! तेव्हापासून बाबांना जिना चढायची बंदी होती. कमानी कोरणारा माणूस आवारात बसून फरशा तासत होता.

"म्हणजे तुझे बाबा खरंच चुकले?" किलियानने हळूच विचारलं.

झेन्झीने ओठ चावले. समोर पट्टी होती आणि ती तुटलेली नव्हती.

इतक्यात वास्टल पट्टीजवळ आपला मोडका हात नेऊन उभा राहिला. एकदा हाताकडे बघे, एकदा पट्टीकडे.

"काय झालं रे? दुखतोय का?"

"माझं प्लास्टर सहा आठवड्यांचं आहे," वास्टल म्हणाला. "आणि बघा, काय रंग आलाय! आई म्हणते, धुराडी साफ करणाऱ्याचा हात बरा. मग हे बारा वर्षांचं, असल्या धुळीत, पांढरंशुभ्र कसं?"

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. राजमेणबत्ती पन्हाळीत डोलत राहिली. ती तोडायची कोणालाच आठवण झाली नाही.

*

आवारात बाबा फरशी तासत होते. झेन्झीने सगळं एका दमात सांगितलं. चोरून वर गेल्याबद्दल आधी दोन शब्द ऐकून घेतले, मग पुन्हा सांगितलं.

"पांढरी असेल गं," बाबा थकून म्हणाले. "साहेब म्हणतील, कुणी पुसली असेल. छत बावन्नच्या एप्रिलातच पुरं झालं, तेव्हा तारीखही बरोबर दिसते."

"बरोबर म्हणजे काय, माझाच वाढदिवस!" किलियानला राहवेना. "आणि काका, मी गुड फ्रायडेला जन्मलो, माहितेय? दोमच्या घंटा बंद होत्या. आई म्हणते, त्या दिवसाचा सगळा आवाज याच्याच घशात शिरला!"

बाबांचा हातोडा थांबला.

"काय म्हणालास?"

"घशात आवाज..."

"त्याच्या आधी!"

"गुड फ्रायडेला जन्मलो."

बाबा उठून उभे राहिले. "त्या दिवशी आम्ही पाथरवट लोखंडाला हात लावत नाही. चुन्याला नाही, प्लास्टरला नाही. हातावर हात ठेवून बसतो. एकाने नुसता खिळा उचलला, तर माझ्या वस्तादांनी त्याला महिनाभर कामावर घेतलं नव्हतं! इथल्या पाथरवटाने गुड फ्रायडेला पट्टी लावली? शक्यच नाही! ही तारीख कोणीतरी टेबलाशी बसून, मनाने घातलेली आहे."

"म्हणजे तुमचे डोळे शाबूत आहेत!" झेन्झी जवळजवळ किंचाळली.

बाबांनी हात धुतले, कोट चढवला आणि ते थेट ट्रेमेलसाहेबांच्या कचेरीत गेले. अर्ध्या तासाने परतले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तारीख लिहिताना कारकुनाची चूक झाली असेल. पट्टी तुटलेली नाही ना, मग झालं. आणि पुन्हा असली कुरकुर कराल तर फरशाही तासायला मिळणार नाहीत."

आता हे ट्रेमेलसाहेब काही दुष्ट नव्हते. दुष्ट माणूस निदान विचार तरी करतो! युद्धात बाँब पडून मोडलेलं उत्तर दालन एकोणीस वर्षांनी पंधरा ऑगस्टला उघडणार होतं. त्यासाठी बिशप येणार होते. नवी मोठी घंटा पंधरा मिनिटं वाजणार होती. आणि घंटा वाजत असताना गावातली साठ मुलं जुड्या घेऊन उत्तर दालनात, बरोबर त्या छताखाली उभी राहणार होती. साहेबांनी त्यांच्या जागा फरशीवर खडूने आखून आकडेही घातले होते. असा देखणा सोहळा एका भेगेसाठी थांबवायचा? एवढाच त्यांचा विचार.

"सात नंबर आपल्या वेवीचा आहे," झेन्झी म्हणाली. वेवी ही तिची सहा वर्षांची बहीण. "पहिली रांग. भेगेच्या अगदी खाली."

बाबांनी हातातला हातोडा खाली ठेवला.

"ते म्हणतात ना, पट्टी बोलते तेच खरं?" झेन्झी म्हणाली. "मग आपण आपली पट्टी लावू. खरी तारीख घालून!"

*

पण दुसऱ्या दिवशी जिन्याला भलंमोठं कुलूप! किल्ली पुखरकाकांच्या कमरेला.

"गोड बोलून मागू," किलियान म्हणाला.

"पुखरकाकांकडे? त्यांनी बिशपना तरी किल्ली दिली असती का कोण जाणे," झेन्झी म्हणाली.

"थांबा. माझ्यावर सोडा," वास्टल म्हणाला आणि गळ्यातली झोळी सारखी करत काकांपुढे जाऊन उभा राहिला. "काका, बिशपची टोपी पांढरी असते ना?"

"असते. मग?"

"काही नाही. उत्तरेच्या माळ्यावर कबुतरं शिरलीत. पन्हाळीपाशी रांगच लागलीय. आता त्यातलं एखादं शनिवारी खाली आलं आणि टोपीवर..."

पुखरकाकांचा चेहरा टोपीहून पांढरा झाला. दोममधल्या कबुतरांचा त्यांना राग, आणि गुडघ्यांमुळे जिना चढणं अशक्य!

"आम्ही हाकललं असतं," वास्टल सुस्कारा सोडत म्हणाला, "पण कुलूप आहे. जाऊ द्या. टोपी धुता येते."

"ए, थांब! ही घे किल्ली. पण अर्ध्या तासात खाली! आणि उद्याही या. ती मेली रोज परत येतात."

जिन्यात वळल्यावर वास्टल आणि किलियान इतके हसले, की झेन्झीला दोघांना चिमटे काढावे लागले.

वर गेल्यावर मात्र हसू थांबलं. झेन्झीने बाबांच्या आवारातून डबाभर गिप्सची, म्हणजे प्लास्टरची पूड आणली होती. भिंत ओली केली, धूळ पुसली, आणि साहेबांच्या पट्टीखाली वीतभर अंतरावर स्वतःची पट्टी थापली, बाबा थापतात तशी पातळ. वाळल्यावर तिने खिळ्याने तारीख कोरली: ११ ऑगस्ट १९६४.

"नावंही घालू," ती म्हणाली. "त्या पट्टीवर कोणाचंच नाव नाही. आपण काही चोरून करत नाही आहोत."

"करतोय की! कबुतरांच्या नावाखाली!" किलियान म्हणाला.

"वर येणं चोरून. लिहिणं उघड." आणि तिने तिघांची नावं कोरली.

बुधवारी पट्टी शाबूत. गुरुवारी शाबूत. पुखरकाका खूश होते. कबुतरांच्या शिपायांना त्यांनी एकेक मिठाचं प्रेट्झेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पावसुद्धा दिला. पण झेन्झीला ते घशाखाली उतरेना.

"शाबूत आहे हे चांगलंच ना गं?" किलियान म्हणाला.

"चांगलंच आहे. मला खरंच वाटतं, की ती तुटू नये. बाबा खोटे ठरले तरी चालतील," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता नवी घंटा पहिल्यांदा वाजवून बघायची होती, फक्त तीन मिनिटं. तिघं आधीच वर पोचली. झेन्झीने दोघांना जिन्याच्या चौकटीत उभं केलं. तिथली भिंत जाड आणि पक्की होती.

"इथून पुढे एक पाऊल नाही. शपथ?"

"शपथ."

घंटा सुरू झाली. पहिले ठोके नुसते मोठे होते. मग दोलन वाढलं आणि मनोरा हळूहळू झुलायला लागला. मनोरे झुलतातच, पाथरवटाच्या मुलीला त्याचं भय नव्हतं. पण मनोऱ्याबरोबर उत्तरेची भिंतही हलत होती. झेन्झीच्या पाठीला, तळव्यांना ते कळत होतं. फळीवरची धूळ बारीक बारीक नाचायला लागली.

"थांबली!" तीन मिनिटांनी वास्टल म्हणाला. कानात अजून नाद भरलेला होता.

आणि त्या शांततेत आवाज आला. टिक. लगेच आणखी एक. टिक.

किलियानने टॉर्चचा झोत टाकला. खालची पट्टी त्याच्या नावावरूनच उभी दुभंगली होती. आणि वरची, पांढरीशुभ्र, धडधाकट, साहेबांची पट्टी? तीसुद्धा दोन तुकडे!

"तीन मिनिटांत," झेन्झी पुटपुटली. "उद्या पंधरा मिनिटं वाजणार आहे."

*

कचेरीत ट्रेमेलसाहेब फुलांच्या कुंड्या मोजून घेत होते. बाबा पुढे, तिघं मागे, असे चौघं आत शिरले.

"दोन्ही पट्ट्या तुटल्यात, साहेब," बाबा म्हणाले. "वर चला. पाच मिनिटं फक्त."

"हास्लबेक, तुमच्या पोरांनी तिथे उड्या मारल्या असतील!"

"आम्ही चौकटीत होतो!" झेन्झी म्हणाली. "आणि तुमच्या पट्टीवरची तारीख गुड फ्रायडेची आहे! ती कोणी लिहिली?"

साहेबांनी टाय नीट केला. "बावन्नचा एप्रिल होता एवढं मला आठवत होतं. मधली कुठली तरी तारीख टाकली. जुनी पट्टी चिरली होती, नवी लावून घेतली. त्यात एवढं आकाश कोसळण्यासारखं काय आहे?"

"आकाश नाही. छत," वास्टल म्हणाला.

"चालते व्हा! सोमवारी बघू! उद्या बिशप येणार आहेत, अर्धं गाव येणार आहे. आणि हास्लबेक, उद्या तुम्ही उत्तर दालनाच्या आसपास दिसलात, तर परवापासून दोममध्ये दिसणार नाही!"

बाहेर चौकात ऊन रणरणत होतं. बाबा कारंज्याच्या कठड्यावर टेकले.

"मी वेवीला घरी ठेवीन," ते म्हणाले. "आणि बाकीच्यांसाठी दारात आडवा उभा राहीन. जायची तर जाऊ दे नोकरी."

"तुम्हाला ते दोन पोलीस लावून बाहेर काढतील, बाबा, आणि मुलं आत जातील," झेन्झी म्हणाली. "एका माणसाला काढता येतं. साठ जणांना कसं काढतील?"

बाबांनी मान वर केली.

"मोठ्यांना सांगून उपयोग नाही. ते म्हणतील, साहेब शिकलेले आहेत," झेन्झी म्हणाली. "आम्ही मुलांनाच सांगतो."

संध्याकाळपर्यंत तिघं गावभर फिरली. कोणी नदीवर पोहत होतं, कोणी अंगणात जुड्या बांधत होतं, कोणी चेरीच्या झाडावर बसलं होतं. झेन्झीने तुटलेल्या पट्टीची गोष्ट चाळीस वेळा सांगितली, वास्टलने आपला मळका हात चाळीस वेळा दाखवला. कोणी हसले, कोणी घाबरले. बेकरीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "आई मारील." झेन्झी म्हणाली, "मारू दे. मी पण तुझ्याबरोबर मार खाईन!"

*

शनिवार, पंधरा ऑगस्ट. दोम गच्च भरला होता. बायकांचे ठेवणीतले पोशाख, पुरुषांच्या हॅट हातात, सगळीकडे पुदिन्याचा आणि कॅमोमाईलचा वास. साठ मुलं दोन-दोनच्या रांगेत मधल्या दालनातून चालत आली. पहिल्या जोडीत झेन्झी आणि वेवी. वेवीला घरी राहायला सांगितलं होतं. पण तिने सकाळी एवढा दंगा घातला, की बाबा हरले.

"मी नाही बसले तर एक कमी होईल," असं तिचं म्हणणं होतं.

उत्तर दालनाची लाल दोरी पुखरकाकांनी दिमाखात सोडली. आत फरशीवर पांढरे आकडे दिसत होते.

झेन्झी थांबली. रांग थांबली. आणि मग तिथेच, मधल्या दालनाच्या थंड फरशीवर, ती खाली बसली. वेवी बसली. किलियान बसला, वास्टल बसला. मागे खसखस खसखस करत जुड्या खाली टेकल्या गेल्या. साठच्या साठ मुलं मांडी घालून बसली. बेकरीवाल्यांचा मुलगासुद्धा!

"हे काय चाललंय?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "उठा! आकड्यांवर जा!"

"नाही," झेन्झी म्हणाली.

"उठ म्हणतो ना!"

"उत्तर दालनात आम्ही जाणार नाही!"

हे ती मोठ्याने म्हणाली. दोममध्ये मोठ्याने बोललेलं छतापर्यंत जातं आणि सगळ्यांच्या डोक्यावर परत येतं. लोक माना उंच करून बघायला लागले. पुखरकाकांनी किलियानचा कान धरला. किलियानने कान दिला, पण जागा सोडली नाही. एक आई धावत आली, "ऊठ, लाज आणलीस!" म्हणत मुलीचा दंड ओढायला लागली. मुलगी रडली, पण बसूनच रडली.

मग काठीचा ठक ठक आवाज आला. वेदीकडून बिशप स्वतः चालत येत होते. ते म्हातारे, किडकिडीत गृहस्थ होते. मुलांपुढे येऊन थांबले.

"का बसलात?"

"महाराज, क्षमा असावी, ही पोरं शेफारली..." साहेब पुढे झाले.

"मी त्यांना विचारलं."

झेन्झी उठून उभी राहिली. सांगायला लागली ती थांबलीच नाही. पांढरी पट्टी, गुड फ्रायडेची तारीख, तीन मिनिटांची घंटा, दोन टिक. सगळं सांगितलं.

"पोरखेळ!" साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "छत भक्कम आहे, महाराज. माझी खात्री आहे."

"तुमची खात्री आहे?" झेन्झी गर्रकन वळली. "मग तुम्ही उभे राहा! सात नंबरवर, माझ्या बहिणीच्या जागेवर! घंटा वाजू दे पंधरा मिनिटं. तुम्ही उभे राहिलात तर आम्ही साठ जण चाबूक खाऊ!"

सगळ्यांचे डोळे ट्रेमेलसाहेबांकडे लागले.

साहेब हसल्यासारखे झाले. ताठ चालत उत्तर दालनाच्या कडेपर्यंत गेले. लाल दोरी जिथे होती तिथे त्यांचे बूट थांबले. त्यांनी वर पाहिलं. मग खाली, पांढऱ्या सातकडे पाहिलं. परत वर पाहिलं.

एक पाऊल टाकायचं होतं. एकच! ते त्यांच्याने टाकवेना.

"सोमवारी," ते म्हणाले, "सोमवारी एकदा तपासून..."

"घंटा वाजवू नका," बिशप म्हणाले. "आणि सगळे बाहेर चला. हळू, घाई न करता. मुलं आधी."

त्या वर्षी जुड्यांना आशीर्वाद मिळाला तो बाहेर चौकात, भर उन्हात. बाबा दोन पाथरवटांना घेऊन वर गेले होते. ते खाली आले तेव्हा रुमालात पट्ट्यांचे तुकडे होते आणि चेहरा मातीसारखा. "भेगेत माझं बोट दोन पेरं आत गेलं," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी छताला लाकडी टेकू देत असताना दगडी फासळीचा एक चिरा निखळला आणि खाली फरशीवर आपटला. खाली कोणीच नव्हतं. नंतर पाथरवटांनी दगड बाजूला केला, तेव्हा फरशी फुटून सात नंबरचा अर्धा आकडा नाहीसा झाला होता.

मग काय! गावात तिघांना मिरवायला जागा पुरेना. बेकरीत केक फुकट मिळाला, पुखरकाकांनी किलियानचा कान चक्क कुरवाळला आणि कबुतरांचं नाव काढलं नाही. बाबा पुन्हा जिना चढायला लागले, तेही मुख्य पाथरवट म्हणून. बिशपनी साठही मुलांना बोलावून घेतलं.

"चाळीस वर्षं मी शिकवतोय, की मोठ्यांची आज्ञा पाळा," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही ती पाळली नाहीत, म्हणून आज मला तुमच्या आयांना तोंड दाखवता येतंय. शाबास रे पोरांनो!"

ट्रेमेलसाहेबही आवारात आले. सगळ्या पाथरवटांसमोर त्यांनी बाबांचा हात धरून माफी मागितली. मग ते झेन्झीकडे वळले, पण तिने त्यांना बोलूच दिलं नाही.

"माझ्याकडे काय मागता? आकडे साठ होते," ती म्हणाली.

साहेब गेले आणि खरोखरच घरोघर जायला लागले. रोज संध्याकाळी हॅट हातात घेऊन एकेक दार वाजवायचे. कुठे कॉफी मिळाली, कुठे दार तोंडावर आपटलं. सगळी दारं संपायला पाच संध्याकाळी लागल्या. शेवटचं दार झेन्झीच्या घराचं होतं आणि ते वेवीने उघडलं.

साहेबांनी घसा साफ केला. चार दिवस बोलून पाठ झालेलं वाक्य सुरू केलं. वेवीने ते नीट ऐकून घेतलं.

"काका, त्या दिवशी तुम्ही सातवर का नाही गेलात?"

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग खरं बोलले. "भीती वाटली गं."

"मग मला का पाठवत होतात?"

पाच संध्याकाळींत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. साहेब हॅट मुठीत चुरगळत दारातच उभे राहिले. वेवी उत्तराची वाट बघत होती, आणि दार तिने उघडंच धरून ठेवलं होतं.